जुन्या गाडीला स्कॅनर लागत नाही? ईसीएमवर खर्च करण्याआधी हे क्रमाने तपासा

अहिल्यानगर : चेक लाइट पेटते, गाडी ओढत नाही म्हणून गॅरेजला नेली जाते, मेकॅनिक स्कॅनर लावतो आणि स्क्रीनवर गाडीशी संपर्क होत नसल्याचा मेसेज येतो. इथून पुढे बऱ्याचदा थेट निष्कर्ष निघतो, ‘ईसीएम गेला.’ ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. तो बदलायचा म्हटले की हजारो रुपयांचा खर्च आला. जुन्या गाडीच्या बाबतीत हा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

स्कॅनर न लागणे हा ईसीएम खराब असल्याचा पुरावा नाही. उडालेला फ्यूज, सैल पिन, उंदराने कुरतडलेली वायर, गाडीशी न जुळणारा स्वस्त स्कॅनर किंवा मुळात स्कॅनरची सोयच नसलेली गाडी, यातले काहीही कारण असू शकते. यातल्या बहुतेक गोष्टी टेस्टिंग बल्ब आणि साध्या मल्टिमीटरने तपासता येतात. जामखेड, पाथर्डी, अकोले अशा तालुक्यांतून कंपनीचे वर्कशॉप गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. त्यामुळे ही तपासणी गावातच करून घेतलेली बरी.

आधी बघा, ईसीएम जिवंत आहे का

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मीटरमध्ये चेक लाइट पेटली पाहिजे. ती पेटत असेल आणि गाडी चालू होत असेल, तर ईसीएम काम करतो आहे. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम पूर्ण बंद असेल तर इंजिन चालूच होत नाही. म्हणजे गाडी स्वतःच्या पायाने गॅरेजला आली आणि तरी स्कॅनर लागत नसेल, तर दोष बहुधा ईसीएम ते स्कॅनर या रस्त्यात आहे.

चावी ऑन करूनही चेक लाइट पेटत नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशी स्थिती असेल तर प्रकरण वेगळे. बल्ब उडाला नसेल तर ईसीएमला करंट पोहोचतो का, हा पहिला प्रश्न. त्याबद्दल पुढे.

गाडीत स्कॅनरची सोय आहे का

जुनी टाटा सुमो, क्वालिस, इंडिका डीएलएस, कॉमन रेल येण्याआधीची बोलेरो या डिझेल गाड्यांत मेकॅनिकल पंप आहे. कार्ब्युरेटरची मारुती ८०० आणि ओम्नी यांचेही तसेच. या गाड्यांत इंजिनचा ईसीएमच नाही. तिथे स्कॅनर लावण्याचे पैसे देण्यात अर्थ नाही.

त्यानंतरच्या गाड्यांत ईसीएम आला, पण सगळ्यांची भाषा एक नव्हती. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाले. मात्र बीएस-४ सुरुवातीला पुणे, मुंबईसह १३ शहरांतच लागू होते. ते टप्प्याटप्प्याने वाढत १ एप्रिल २०१७ ला देशभर आले. त्यामुळे त्या मधल्या वर्षांत ग्रामीण भागात नोंदलेली गाडी बीएस-३ ची असू शकते. फक्त आरसीवरचे साल पाहून अंदाज बांधू नये. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीच्या माहितीत बीएस मानक दिसते, ते बघावे.

ओबीडीपूर्वीच्या मारुतीच्या अनेक एमपीएफआय गाड्या सुझुकीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. बाजारातला साधा ब्लूटूथ स्कॅनर तिथे कितीही वेळा लावला तरी लागणार नाही. त्यासाठी मारुतीच्या जुन्या गाड्यांचे सॉफ्टवेअर असलेला गॅरेजचा मोठा स्कॅनरच हवा. यातल्या काही गाड्यांत डायग्नोसिस कपलरच्या दोन पिना जोडल्या की चेक लाइट लुकलुकून कोड सांगते. कोड १२ म्हणजे ‘दोष नाही’. पण कोणत्या पिना जोडायच्या हे त्या मॉडेलच्या वायरिंग नकाशावरून माहीत असलेल्या माणसानेच करावे. अंदाजाने वायर लावली तर चांगला ईसीएम जळू शकतो.

स्कॅनर ठीक आहे का

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे तोच स्कॅनर दुसऱ्या, अलीकडच्या गाडीला लावणे. तिथे लागला तर स्कॅनर चांगला. तिथेही लागला नाही तर जुन्या गाडीला दोष देण्याचे कारण नाही.

ऑनलाइन मिळणारे काहीशे रुपयांचे ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक ‘ईएलएम ३२७’ या चिपच्या नकला असतात. ‘व्हर्जन २.१’ लिहिलेल्या अनेक नकला नव्या गाड्यांवर चालतात, पण जुन्या गाड्यांच्या के-लाइनवर अडकतात. ‘दुसऱ्याच्या गाडीला लागतो, माझ्या गाडीला नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते.

मोबाइलच्या बाजूने पाच गोष्टी बघाव्यात :

- ब्लूटूथ जोडताना पासवर्ड बहुधा १२३४ किंवा ०००० असतो.
- नुसते फोनच्या सेटिंगमध्ये जोडून भागत नाही. टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारख्या अ‍ॅपमध्येही तोच स्कॅनर निवडावा लागतो. अ‍ॅपला लोकेशन आणि ब्लूटूथची परवानगी द्यावी.
- आयफोनला साधा जुना ब्लूटूथ स्कॅनर चालत नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा लागतो.
- वायफाय स्कॅनर वापरताना मोबाइल डेटा बंद ठेवावा. नाहीतर फोन स्कॅनर सोडून इंटरनेटकडे पळतो.
- अ‍ॅपमध्ये प्रोटोकॉल ‘ऑटो’वर असेल आणि लागत नसेल, तर आयएसओ ९१४१-२, केडब्ल्यूपी ५ बॉड आणि केडब्ल्यूपी फास्ट हे तिन्ही एकेक करून निवडून पाहावेत. जुन्या गाडीत यातलाच एखादा असण्याची शक्यता जास्त.

स्कॅनरची लाइटच पेटत नाही? फ्यूज बघा

स्कॅनर कपलरला लावल्यावर त्याची लाइट पेटली नाही तर त्याला करंटच मिळत नाही. अनेक गाड्यांत या कपलरचा फ्यूज सिगारेट लायटर, टेप किंवा आतल्या दिव्याबरोबर सामाईक असतो. लायटरच्या सॉकेटमध्ये स्वस्त मोबाइल चार्जर शॉर्ट झाला की फ्यूज उडतो. गाडी चालत राहते, फक्त चार्जिंग बंद होते. महिन्यांनी स्कॅनर लावायची वेळ येते तेव्हा तो चार्जर कुणाच्या लक्षातही नसतो.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नये, काढून मल्टिमीटरने तपासावा. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाकावा. तार गुंडाळून काम भागवले तर वायरिंग जळण्याचा धोका आहे. नवा फ्यूज लगेच उडाला तर आधी चार्जर आणि टेप काढून पुन्हा पाहावे.

बॅटरीही बघावी. गाडी बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. बॅटरी उतरलेली असेल तर स्कॅनर लागतो आणि मध्येच तुटतो.

कपलरच्या पिना

१६ पिनांचा कपलर बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतो. त्याची रुंद बाजू वर धरून समोरून पाहिले की वरची ओळ डावीकडून १ ते ८ आणि खालची ९ ते १६. बॅटरी लावून पाहावे :

- पिन १६ : बॅटरीचा करंट. चावी बंद असतानाही आला पाहिजे.
- पिन ४ आणि ५ : अर्थिंग.
- पिन ७ : के-लाइन. जुन्या गाड्यांची सिग्नल वायर.
- पिन ६ आणि १४ : कॅन. नंतरच्या गाड्यांची सिग्नल वायरची जोडी.

टेस्टिंग बल्बचे एक टोक पिन १६ ला आणि दुसरे बॉडीला लावावे. बल्ब पेटला तर करंट आहे. मग दुसरे टोक बॉडीऐवजी पिन ४ ला लावावे. इथे बल्ब पेटला नाही किंवा मिणमिणला तर अर्थिंग खराब आहे. अर्थिंगचा नट गंजलेला असतो किंवा डेंटिंग-पेंटिंगनंतर रंगावरच कसलेला असतो. तो खोलून, घासून पुन्हा कसावा.

टेस्टिंग बल्ब पिन ६, ७ आणि १४ ला कधीही लावू नये. तिथे फक्त मल्टिमीटर.

टॉर्च मारून आत बघावे. पिन ७ आणि पिन ६-१४ या दोन्ही जागा रिकाम्या असतील, तर साधा स्कॅनर त्या गाडीला लागणारच नाही. पिना मागे सरकलेल्या किंवा फाकलेल्या असतील तर स्कॅनर हलवल्यावर लागतो-तुटतो. हिरवा गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा.

सिग्नलची वायर

के-लाइनच्या गाडीत चावी ऑन करून पिन ७ आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटर लावावा. बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसते. शून्य दिसले तर वायर तुटलेली किंवा बॉडीला लागलेली असण्याची शंका घ्यावी. या एकाच वायरवर इंजिनशिवाय इमोबिलायझर, एबीएस, एअरबॅग यांचेही कॉम्प्युटर असू शकतात. त्यातला एक शॉर्ट झाला तरी सगळ्यांचे बोलणे बंद पडते. अशा वेळी एकेक कपलर काढून कोणता काढल्यावर व्होल्टेज परत येते, ते मेकॅनिक शोधू शकतो. पिवळ्या रंगाचे कपलर मात्र एअरबॅगचे असतात. त्यांना घरी हात लावू नये.

कॅनच्या गाडीत बॅटरीचे टर्मिनल काढून पिन ६ आणि १४ मध्ये रेझिस्टन्स मोजावा. साधारण ६० ओहम आला तर जोडी ठीक. १२० आला तर एका बाजूला तुटलेली. शून्याच्या जवळ आला तर दोन्ही वायर एकमेकींना लागलेल्या.

कुणी वायर कापली होती का?

गाडीच्या मालकाने इथे आठवून सांगितले तर मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो. नवा टेप, सेंट्रल लॉक, जीपीएस किंवा गॅसकिट कधी बसवले? जोडकाम करताना डॅशबोर्डखालच्या वायरी सोलून टेप गुंडाळलेली असते, तिथे जोड सुटतो. कडबा, ऊस किंवा धान्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर बोनेटमध्ये आणि डॅशबोर्डमागे वायरी कुरतडतात. अकोल्याच्या पश्चिम भागासारख्या जोरदार पावसाच्या पट्ट्यात काचेच्या रबरातून पाणी झिरपून फ्यूज बॉक्स आणि कपलरपर्यंत जाते. पायाखालची मॅट उचलून ओल आहे का ते पाहावे.

ईसीएमवर संशय कधी घ्यावा

वरचे सगळे ठीक असून चेक लाइट पेटत नाही आणि इंजिन पकडत नाही, तेव्हा ईसीएमच्या कपलरवर तपासणी करावी. ईसीएमचा फ्यूज, मेन रिले आणि ईसीएमचे अर्थिंग हे तीन आधी. रिलेवर तोच नंबर असलेला दुसरा रिले गाडीत असेल तर अदलाबदल करून पाहता येते.

त्यानंतर ५ व्होल्ट. ईसीएम काही सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर हा पुरवठा खाली बसतो आणि ईसीएम मुका होतो. सेन्सरचे कपलर एकेक करून काढावेत. एखादा काढताच चेक लाइट पेटली आणि स्कॅनर लागला, तर ईसीएम चांगला आहे, सेन्सर बदलायचा आहे.

करंट पोहोचतो, अर्थिंग पक्के, सेन्सर काढूनही ५ व्होल्ट येत नाहीत, तेव्हाच ईसीएमबद्दल बोलावे.

पैसे देण्याआधी मेकॅनिकला विचारा

- हाच स्कॅनर दुसऱ्या गाडीला लागतो, हे दाखवता का?
- पिन १६ आणि पिन ४ वर बल्ब पेटतो का?
- ईसीएमच्या कपलरवर करंट आणि अर्थिंग मोजले का? किती आले?
- बसवायचा ईसीएम त्याच नंबरचा आहे का? इमोबिलायझर असेल तर चावीचे कोडिंग कोण करणार? भंगारातला ईसीएम कोडिंगशिवाय बसवला तर गाडी चालूच होणार नाही.
- नव्याने गाडी सुरू झाली नाही तर पैसे परत मिळणार का? जुना ईसीएम परत मिळेल का?

चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही. तो मीटर लावून दाखवतो. जुना ईसीएम मात्र सोडून देऊ नये. तो पुढे दुरुस्त होऊ शकतो आणि कोडिंगसाठीही लागू शकतो.

स्कॅनर लागला, आता काय?

आलेले कोड आधी कागदावर लिहून किंवा फोटो काढून ठेवावेत, मगच पुसावेत. कोड म्हणजे ‘हा पार्ट बदला’ असा हुकूम नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला तरी दोष त्याच्या वायरीत किंवा गळक्या सायलेन्सरमध्ये असू शकतो. काम झाल्यावर स्कॅनर काढून ठेवावा. तो लावून गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरते.

पंधरा वर्षे झालेल्या गाड्यांची नोंदणी नगरच्या (एमएच १६) किंवा श्रीरामपूरच्या (एमएच १७) परिवहन कार्यालयात पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीच्या तोंडावर चेक लाइट पेटली की घाईत खर्च होतो. मुदतीच्या महिना-दोन महिने आधी हे सगळे एकदा तपासून घेतले तर दोष शोधायला वेळ मिळतो.

थोडक्यात क्रम

१. चेक लाइट पेटते का, गाडी चालू होते का?
२. गाडीत ईसीएम आणि योग्य कपलर आहे का?
३. स्कॅनर दुसऱ्या गाडीला लागतो का?
४. फ्यूज, बॅटरी, पिन १६ चा करंट.
५. पिन ४ आणि ५ चे अर्थिंग.
६. पिन ७ किंवा ६-१४ ची सिग्नल वायर.
७. जोडकाम, उंदीर, पाणी.
८. ईसीएमचा फ्यूज, मेन रिले, अर्थिंग, ५ व्होल्ट.
९. सगळ्यांत शेवटी ईसीएम.