पिळण्याच्या यंत्राची गोष्ट

संस्थेच्या पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतर सभासदांनी लिहिलाच आहे. संपादक मंडळानं मला सांगितलं, "काका, तुम्ही काहीतरी वेगळं लिहा." बँकेतली नोकरी आकडेमोडीत गेली, निवृत्तीनंतर मात्र जुन्या यंत्रांबद्दल वाचायचा नाद लागला. म्हणून अशाच एका यंत्राचा इतिहास लिहितो. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नाही, पण त्याच्या कामाशी प्रत्येक घराचा रोजचा संबंध आहे. कपडे पिळायचं, दांडा धरून हातानं फिरवायचं हे यंत्र. इंग्रजीत त्याला रिंगर म्हणतात.

विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या सभांची इतिवृत्तं काढून बघा. पार्किंगच्या खालोखाल सगळ्यात जास्त चर्चा कशावर झाली असेल, तर वरच्या मजल्यावरच्या ओल्या कपड्यांचं पाणी खालच्या बाल्कनीत पडतं यावर. म्हणजे पिळण्याचा प्रश्न आपल्या संस्थेइतकाच जुना आहे!

धुण्यात खरे कष्ट पिळण्याचे असतात. साबण लावणं, आपटणं, खंगाळणं हे बसून किंवा वाकून होतं. पिळायला मात्र मनगट लागतं. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ओलं झालं की एकटीला आवरत नाही. वैनगंगेच्या घाटावर काय आणि घरच्या विहिरीवर काय, दोघी जणी दोन टोकं धरून उलट दिशांना पीळ देत. माझ्या आईची मनगटं साठीतच दुखायला लागली होती. पंचवीस-तीस वर्षं घरातल्या आठ माणसांचे कपडे पिळल्यावर दुसरं काय होणार? शिवाय पिळानं कापडही लवकर विरतं. धागे एकमेकांवर घासतात, आणि पीळ जिथं घट्ट बसतो तिथंच कापड आधी फाटतं.

यावरचा उपाय म्हणजे पीळ न देता दाबून पाणी काढणं. एकावर एक असे दोन रूळ, त्यांच्यामध्ये कापडाचं टोक द्यायचं आणि दांडा फिरवायचा. दोन्ही रूळ उलटसुलट फिरतात, कापड पलीकडे जातं, पाणी अलीकडेच गळून पडतं. दांडा १० इंचांचा आणि रुळाची त्रिज्या १ इंच असेल, तर हाताचा जोर साधारण दहापट होऊन कापड ओढतो. थोडा घर्षणात जातो, तो सोडून द्या.

ही दोन रुळांची युक्ती आपल्याला नवीन नाही. कापसातून सरकी वेगळी करणारी चरकी हीच. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात सरकी काढण्याचं साधन दिसतं, असं अभ्यासक सांगतात. पण तिथं एकच रूळ आहे, पाटावर लाटणं फिरवावं तसा. पुढे दोन रुळांची चरकी आली. तिच्या रुळांच्या टोकांना मळसूत्रासारखे आटे पाडलेले असत. ते एकमेकांत अडकत, त्यामुळे एक रूळ फिरवला की दुसरा आपोआप उलटा फिरे. ही आट्यांची जोडणी भारतातली. फिरवायचा दांडा तिला त्यानंतर जोडला गेला. उसाच्या जुन्या लाकडी चरकातही हेच तत्त्व. त्यातल्या उभ्या लाटांना नवरा-नवरी म्हणत. दोघांनी उलट दिशांना फिरायचं आणि मधल्याचा रस काढायचा, असं नाव ठेवणाऱ्याला संसाराचा चांगलाच अनुभव असावा!

कापूस झाला, ऊस झाला, पण कपड्यांसाठी रूळ वापरायचं काम युरोप-अमेरिकेत झालं. सुरुवात अवजड होती. मोठ्या पेटीत दगड भरायचे आणि ती पेटी लाकडी रुळांवरून पुढेमागे ढकलायची. रुळांना गुंडाळलेलं कापड त्या वजनाखाली दाबलं जाई. याला मँगल म्हणत. तो श्रीमंतांच्या वाड्यातच मावे. पुढे उभ्या चौकटीतले दोन रूळ आणि बाजूला दांडा अशी सुटसुटीत रचना आली. १८४३ मध्ये कॅनडातल्या सेंट जॉन गावच्या जॉन टर्नबुल यांनी धुण्याच्या यंत्रालाच पिळायचे रूळ जोडून पेटंट घेतलं.

इथून पुढे जवळजवळ शंभर वर्षं या यंत्रात बारीकसारीक सुधारणा होत गेल्या. त्यातली प्रत्येक सुधारणा कोणत्या ना कोणत्या तक्रारीतून झाली, हे मला फार आवडलं.

पहिली तक्रार गुंड्यांची. लाकडी रुळांत शर्टाच्या गुंड्या फुटायच्या. सतत ओलं राहून लाकूड फुगायचं, तडकायचं. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून रबर पक्कं करण्याच्या कृतीचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं. त्यानंतर रुळांवर रबर चढलं. रबर गुंडीपाशी दबतं आणि पुन्हा भरून येतं. गुंडी वाचली, शिवाय ओल्या कापडावर पकडही बसली.

दुसरी तक्रार जाडीची. रूळ स्क्रूनं आवळून पक्के केले, तर रुमाल सैल जायचा आणि गोधडी अडकायची. म्हणून वर स्प्रिंग आली. जाड कापड आलं की वरचा रूळ उचलला जातो, पातळ आलं की खाली बसतो. स्क्रू फक्त स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायला उरला.

तिसरी तक्रार घसरण्याची. दांडा एकाच रुळाला असे, दुसरा नुसता घासून फिरे. कापड जाड असलं की एक रूळ फिरायचा आणि दुसरा थांबायचा, मग कापड चुरगळून फाटायचं. उपाय म्हणजे दोन्ही रुळांना दातेरी चाकं. पण इथं नवीनच पंचाईत झाली. जाड कापडानं रूळ दूर सरकले की चाकांचे दातेही सुटायचे. म्हणून दाते लांब केले, रूळ ठरावीक अंतरापलीकडे जाऊ नयेत म्हणून अटकाव बसवला. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या 'युनिव्हर्सल' रिंगरच्या जाहिरातीत दातेरी चाकांचाच मोठा डंका होता. गिअर म्हटलं की आपल्याला गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना आठवतो. तिथं ट्रकचे गिअरबॉक्स होतात. कपडे पिळणाऱ्या बाईच्या यंत्रातही गिअरवर इतका विचार झाला होता, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

चौथी सुधारणा फिरवणाऱ्या हातासाठी. दांड्याच्या आसाला बॉल बेअरिंग बसवलं, घर्षण कमी झालं.

या सुधारणांमध्ये एक नाव मुद्दाम सांगतो. एलेन एग्लिन या वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय बाई, घरकाम करून पोट भरणाऱ्या. त्यांनी रिंगरमध्ये सुधारणा शोधली आणि १८८८ मध्ये तिचे हक्क एका एजंटला अवघ्या १८ डॉलरला विकले. कारण त्यांनीच पुढे सांगितलं. पेटंट कृष्णवर्णीय बाईच्या नावावर आहे हे कळलं, तर गोऱ्या बायका यंत्र विकत घेणार नाहीत, अशी त्यांना भीती होती. ज्या हातांना पिळायचे कष्ट माहीत होते, त्याच हातांनी उपाय शोधला, पण नाव आणि नफा दुसऱ्याकडे गेला.

पाचवी तक्रार सगळ्यात गंभीर. विसाव्या शतकात रुळांना विजेची मोटर लागली. हातानं फिरवताना बोट अडकलं तर माणूस थांबे, मोटर थांबत नसे. लहान मुलांचे हात कोपरापर्यंत ओढले जाऊ लागले. १९३० च्या दशकात डॉक्टरांनी या दुखापतीला 'रिंगर आर्म' असं नावच दिलं. मग वर एक पट्टी आली. तिच्यावर थाप मारली की वरचा रूळ झटकन सुटायचा. पुढे गरगर फिरवून पाणी बाहेर फेकणारा स्पिनर आला आणि रूळ मागे पडले. आपल्या घरातल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा दुसरा टब तोच. मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतो.

मग शंभर वर्षं हे यंत्र आपल्याकडे का रुजलं नाही? ऊन फुकट होतं, हे एक कारण. पण भंडाऱ्याच्या पावसाळ्यात ऊन कुठलं? दुसरं कारण मला बँकेत दिसलं. तुमसर, पवनी, साकोली या भागात काम करताना लॉन्ड्रीसाठी कर्जाचे बरेच अर्ज माझ्या टेबलावर आले. बहुतेक परीट, वरठी समाजातल्या कष्टाळू माणसांचे. अर्जात इस्त्री असे, टेबल असे, कपाट असे, सायकल असे. पिळायचं यंत्र एकाही अर्जात नव्हतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "साहेब, पिळाले घरची मानसं हायेत ना!" घरची माणसं म्हणजे बायको आणि मुली. त्यांच्या मजुरीचं बिल येत नव्हतं, म्हणून तो खर्च कोणाच्याच हिशेबात धरला जात नव्हता. आणि हे फक्त लॉन्ड्रीवाल्यांचंच नाही. पगारदारांच्या घरीही आधी टीव्ही आला, मशीन बऱ्याच वर्षांनी.

सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं आपलंही आहे. आता आपल्या बहुतेक फ्लॅटमध्ये मशीन आहे. खालच्या बाल्कनीत पडणारं पाणीही बरंच कमी झालं. पण आपल्या इमारतीत अजून रोज कोणीतरी हातानं पिळतंच आहे. जिने आणि पार्किंग पुसणाऱ्या दोन ताई दिवसातून कितीतरी वेळा फिनाईलच्या पाण्यातला पोछा उघड्या हातांनी पिळतात. थंडीतसुद्धा. त्यांच्या तळव्यांची साल निघालेली मी पाहिली आहे.

त्यांच्यासाठीही यंत्र आहे. दवाखान्यात, मॉलमध्ये चाकांची बादली दिसते. तिच्यावर दाबायचा दांडा असतो, त्यात पोछा ठेवून दांडा खाली ओढला की पाणी निघतं. काहींमध्ये तर दोन रूळच असतात. म्हणजे आपलं हे जुनं रिंगर तिथं अजून जिवंत आहे. पाण्याला हात लावावा लागत नाही.

लिफ्टची देखभाल, सीसीटीव्ही, गेटचा रंग, सगळ्यासाठी आपण तरतूद करतो. रौप्यमहोत्सवी वर्षाच्या अंदाजपत्रकात अशा दोन बादल्या आणि रबरी हातमोजे घ्यावेत, असा ठराव मी पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.