अंड्याची उधारी

रेसची कबुतरं पाळणाऱ्या माणसाशी कधी गप्पा मारल्यात? अँटॉप हिलच्या पत्र्यांवर आणि गच्च्यांवर अधूनमधून एखादी ढाबळ दिसते, तिथे दहा मिनिटं उभं राहावं. कुठलं पाखरू कुठून सोडलं, किती वाजता परत आलं, त्याचा बाप कोण, आजा कोण, सगळं तोंडपाठ. पण याच गप्पांत एक विषय हळू आवाजात निघतो. मादी अंडी घालते आणि बसून जाते. उभी राहत नाही. पंख ओघळलेले, पाय मागे फाकलेले, डोळे मिटलेले. कोणी म्हणतं लकवा, कोणी म्हणतं थंडी लागली, कोणी म्हणतं नजर.

मला या आजाराच्या मागे एक मोठा इतिहास सापडला, आणि तो थेट नाशिकपर्यंत येऊन पोचला. तोच आज सांगतो.

आधी आजार समजून घेऊ. कबुतराची मादी एका खेपेला साधारण दोन अंडी देते. पहिलं बहुधा संध्याकाळच्या सुमारास, आणि दुसरं त्यानंतर चाळीस-चव्वेचाळीस तासांनी. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. एका अंड्याचं कवच तयार व्हायला दिवसभराचा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मादीच्या रक्तातून कॅल्शियम सतत उपसलं जातं. ज्वारी, बाजरी, मका, हरभरा यांत कॅल्शियम फारच कमी. मग मादी आणते कुठून?

स्वतःच्या हाडांतून.

हे पहिल्यांदा नीट कळलं ते कबुतरामुळेच. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे ऑस्कर रिडल नावाचा शास्त्रज्ञ आयुष्यभर कबुतरांवर काम करत होता. १९२६ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने दाखवलं की अंडं सुटायच्या सुमाराला मादीच्या रक्तातलं कॅल्शियम दुपटीच्या आसपास जातं. नराच्या रक्तात असं काही होत नाही. मग १९३४ साली काइज आणि पॉटर या दोघांनी माद्यांची हाडं कापून पाहिली. एरवी पोकळ असणाऱ्या लांब हाडांच्या आत, अंडी घालायच्या आधीच्या दिवसांत, हाडाची एक नवीन जाळी भरलेली त्यांना दिसली. अंडी झाली की ती विरघळून जाते. मादीच्या शरीरातली ही खास तिजोरी. पुढे असंही दिसलं की नराला मादीचं हार्मोन टोचलं तर त्याच्याही हाडात ती तयार होते.

गंमत म्हणजे हीच खूण पुढे फार दूर उपयोगी पडली. २००५ साली मेरी श्वाइट्झर यांनी मोंटाना राज्यात सापडलेल्या टी-रेक्स डायनासोरच्या मांडीच्या हाडात अशीच जाळी ओळखली, आणि साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचं ते जनावर मादी होतं, अंडी घालायच्या बेतात होतं, असं अनुमान मांडलं. म्हणजे ही उधारी किती जुनी आहे बघा!

तर मादी अंड्यासाठी हाडांकडून उधार घेते. दोन खेपांच्या मध्ये खाऊन-पिऊन, उन्हात बसून ती परत फेडते. ही परतफेड राहिली की दुसऱ्या अंड्यानंतर रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. स्नायू ढिले पडतात, पाय उचलत नाहीत. कधी अंडं बाहेर ढकलण्याइतकीही ताकद उरत नाही आणि ते आतच अडकतं. कधी कवचच धरत नाही, मऊ पिशवीसारखं अंडं येतं. वेळेत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ऊब आणि विश्रांती मिळाली तर अशी मादी एक-दोन दिवसांत उठून बसते. अर्थात बसलेली प्रत्येक मादी याच कारणाने बसलेली नसते. पॅरामिक्झो विषाणूने मान वाकडी होते, पाय जातात. साल्मोनेलाने सांधे सुजतात. आत अंडं फुटून पोटात पू होतो. म्हणून अंदाजाने औषध न देता डॉक्टरला दाखवणं बरं. परळचं पशुवैद्यक कॉलेज १८८६ सालचं, आणि तिथलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयही त्याच काळातलं. अँटॉप हिलहून काही लांब नाही.

आता नाशिककडे येतो.

१९२२ साली हचिसन आणि शहा यांनी नाशिकमधल्या मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांची हाडं वाकणं म्हणजे मुडदूस; मोठ्या बायकांमध्ये तोच आजार हाडं मऊ होण्याच्या रूपाने येतो, कंबरेचं हाड वेडंवाकडं होतं आणि बाळंतपण जिवावर बेततं. तेव्हा सगळ्यांचा समज असा की हा गरिबीचा, निकस खाण्याचा रोग. पण नाशिकमध्ये उलटंच दिसलं. ज्यांना धड खायला मिळत नव्हतं त्या गरिबांची मुलं दिवसभर उघड्यावर, आणि त्यांची हाडं बहुतेक सरळ. रोग होता तो खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत, जिथे बायका पडद्यात आणि तान्ही मुलं त्यांच्याबरोबर अंधाऱ्या खोल्यांत. हिंदू घरांत आणि मुसलमान घरांतही. कमी पडत होतं ते ऊन. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत मॅकॉलम यांनी माशाच्या तेलातल्या एका घटकाला ड जीवनसत्त्व असं नाव दिलं. उन्हात कातडीखाली तयार होणारं, आणि अन्नातलं कॅल्शियम शरीरात मुरवणारं हेच ते.

बाई आणि पक्षी यांची तुलना कुणाला खटकेल, आणि खटकावीच. पण ढाबळीत डोकावून बघा. रस्त्यावरची रानटी कबुतरं आणि रेसची कबुतरं, जात एकच. रानटी मादी दिवसभर उन्हात, जुन्या भिंतीचा चुना टोचते, माती खाते, वाळूचे खडे गिळते. रेसचं साधं पाखरूसुद्धा रोज उडतं. पण जी मादी सगळ्यांत किमती, म्हणजे लांबून विकत आणलेली, नामांकित वंशाची, तिला कधीच सोडत नाहीत. का? सोडली तर ती घरी जाईल. तिच्या पहिल्या घरी. परत जाण्याच्या ज्या ओढीसाठी तिला पैसे मोजले, त्याच ओढीपायी ती जन्मभर जाळीच्या आत. वर पत्रा, म्हणजे ऊनही नाही. आणि अंडी तिने जास्तीत जास्त द्यावीत म्हणून ती काढून दुसऱ्या जोडीखाली ठेवायची. अंडी गेली की आठ-दहा दिवसांत ती पुन्हा घालते. परतफेडीला सवड नाही आणि उधारी चालूच.

२०२० साली बेल्जियमची न्यू किम नावाची मादी सोळा लाख युरोंना लिलावात गेली. तेव्हा तिचं रेसमधलं आयुष्य संपलेलं होतं. म्हणजे किंमत होती ती पुढच्या अंड्यांची. तिची निगा उत्तमच राहिली असेल. पण त्या किमतीचा धाक आणि हाव आमच्या पत्र्यावरच्या छोट्या ढाबळीपर्यंत झिरपतो, आणि इथे डॉक्टर, औषध, जागा सगळ्याचीच ओढाताण.

म्हणून मला वाटतं की अंडी घातल्यावर बसून जाणारी मादी हा नुसता औषधाचा प्रश्न नाही. नाशिकच्या त्या अभ्यासाने जे सांगितलं तेच इथे लागू आहे. कोंडून ठेवलेल्या जिवाला नुसतं चांगलं खायला घालून भागत नाही. जुने शौकीन शिंपल्यांचा चुरा, भाजून कुटलेली अंड्याची टरफलं, लाल माती आणि मीठ वाटीत ठेवतात, ते बरोबरच आहे. पण त्याबरोबर जाळीला एक बाजू अशी हवी जिथे सकाळचं ऊन थेट अंगावर येईल. काचेतून आलेलं नव्हे, कारण कामाचे किरण काच अडवते. आणि वर्षातून काही महिने जोडी वेगळी ठेवायला हवी, म्हणजे रिकामी झालेली तिजोरी पुन्हा भरेल.

हिशेब साधा आहे. चार अंडी कमी निघतील. पण आपल्या घरातल्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि सव्वा महिना विश्रांती देणाऱ्या समाजाला हा हिशेब नव्याने समजावून सांगायची गरज पडू नये, नाही का?