जकात नाक्यापासून जीएसटीपर्यंत: मुळशीच्या वेशीवरचा कर

जकात म्हटलं की पन्नाशी ओलांडलेल्यांना नाका आठवतो. माल घेऊन पुण्याकडे निघालेला ट्रक शहराच्या हद्दीवर थांबायचा, पावती फाटायची, मगच पुढे. रांगा लांब, चिरीमिरीची तक्रार कायमची. पण एक गोष्ट स्वच्छ होती. शहरात वापरायला, खपायला किंवा विकायला येणाऱ्या मालावर कर, आणि तो पैसा थेट महापालिकेच्या तिजोरीत. रस्ते, पाणी, दवाखाने यांना मोठा आधार याच उत्पन्नाचा.

हद्दीच्या पलीकडे, आपल्या मुळशीत, चित्र वेगळं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार चालणाऱ्या गावांची भिस्त मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजार फी यांवर.

१ एप्रिल २०१३ ला पुण्यात जकात गेली आणि स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. नाका उठला आणि वसुली व्यापाऱ्याच्या वहीवर आली. नोंदणी, विवरणपत्रं, तपासणी यांना व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला, बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलेला एलबीटीही संपला.

आता खरा मुद्दा. गेलेल्या उत्पन्नाच्या बदल्यात राज्य महापालिकांना भरपाई देतं. आधार २०१६-१७ च्या उत्पन्नाचा, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ. हिशोब करून पाहू: त्या वर्षी १०० रुपये असतील, तर पाच वर्षांनी सुमारे १४७. शहरातला व्यापार दुप्पट झाला तरी हे सूत्र तेवढंच देणार. आणि मंदी आली तरी तेवढंच, हेही मान्य करायला हवं.

जून २०२१ मध्ये बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही मुळशीची गावं पुण्यात आली. आधारवर्षात ती महापालिकेत नव्हती. म्हणजे जबाबदारी वाढली, ड्रेनेज, रस्ते, पाणी सगळं आलं, पण तिथल्या दुकानदारीवर स्वतःचा कर बसवायचा अधिकार तोवर गेलेला होता. उरली मिळकतकराची बिलं. ‘कर शहराचा, सोयी गावाच्या’ ही कुरकुर इथूनच येते.

आम्हाला जकात परत नको. तिचा जाच आपण विसरलेलो नाही. पण नाक्यावर पावती फाडणाऱ्याला निदान विचारता यायचं, ‘आमचा रस्ता कुठं आहे?’ आज पैसा मुंबईहून हप्त्याहप्त्याने येतो आणि विचारायचं कुणाला तेच कळत नाही. कराचा इतिहास आपण वाचायचा तो दरासाठी नाही. पैसा गोळा करणारा आणि खर्च करणारा यांच्यात अंतर किती पडलं, हे मोजण्यासाठी वाचायचा.