ध्वनिविवर्धक, वाहनावरील
वाहनातील विद्युत् घटमालेच्या अल्प दाबावर चालून ध्वनिक्षेपकास मोठी शक्ती पुरविणाऱ्या इलेक्ट्रॉनीय साधनास वाहनावरील ध्वनिविवर्धक म्हणतात. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यावरही मराठवाड्यातील खेड्यांत वीज पोहोचण्यास बराच काळ लागला. अशा गावी सभा, कीर्तन किंवा तंबूतील चित्रपटाची जाहिरात यांसाठी मोटारीची बॅटरी, लहान विवर्धक व कर्णा एवढीच सामग्री असे. कर्णा विद्युत् शक्तीचे ध्वनीत रूपांतर चांगल्या प्रकारे करतो. त्यामुळे दहा-पंधरा वॉटही मैदानास पुरत.

विवर्धकाची खरी अडचण दाबाची आहे. १२ व्होल्टच्या घटमालेवर सेतू जोडणीने चाललेला विवर्धक ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकास जास्तीत जास्त सु. १८ वॉट शक्ती देऊ शकतो. ४०० वॉटसाठी ध्वनिक्षेपकावर ४० व्होल्ट परिणामी दाब लागतो व त्याचे शिखरमूल्य ५६ व्होल्टच्या वर जाते. म्हणून दाब आधी वाढवावा लागतो. निर्वात नलिकांच्या काळातही हीच गरज होती. १९३० नंतरच्या मोटार-रेडिओंत कंपक वापरीत. त्याच्या थरथरणाऱ्या स्पर्शकांनी एकदिश प्रवाह खंडित होई, रोहित्र त्याचा दाब वाढवी आणि एकदिशकारक तो पुन्हा एकदिश करी. अल्प दाबावर चालणाऱ्या ट्रँझिस्टरमुळे १९५५ नंतर कंपक हळूहळू मागे पडला. मात्र मोठ्या शक्तीची हाव सुटताच जुनीच युक्ती परतली. फरक इतकाच की, स्पर्शकांच्या जागी ट्रँझिस्टर आले व ते सेकंदाला हजारो वेळा प्रवाह खंडित करू लागल्याने रोहित्र मुठीएवढे झाले.

शक्ती मात्र शून्यातून येत नाही. कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास ४०० वॉटसाठी घटमालेतून सु. ५० अँपिअर प्रवाह ओढला जातो. त्यासाठी जाड तारा आणि घटमालेलगत वितळतार आवश्यक असते. बारीक तारेत दाब गळतो व ती तापून आग लागू शकते. एंजिन बंद असता घटमाला लवकर उतरते, कारण तिला पुन्हा भारित करणारे जनित्र एंजिनावर चालते.

मिरवणुकीतील ट्रक वा ट्रॅक्टर-ट्रॉलीवरील भिंतीएवढ्या संचास ही व्यवस्थाही अपुरी पडते. त्यासाठी डीझेल जनित्र स्वतंत्रपणे वाहून न्यावे लागते. कर्णा जे मंद्र स्वर देऊ शकत नाही, त्यांसाठीच हा खटाटोप असतो. लोकभाषेत अशा संचास ‘डॉल्बी’ म्हणतात. हे नाव चुकीचे आहे. रे डॉल्बी यांची १९६५ सालची ख्याती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याच्या पद्धतीबद्दल होती.

शक्ती दुप्पट केल्याने ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते, तर दसपट केल्याने १० डेसिबेलने. म्हणूनच संचांची स्पर्धा हजारो वॉटपर्यंत गेली. ८५ डेसिबेलच्या वर दीर्घकाळ राहिल्यास अंतर्कर्णातील केशपेशी नष्ट होऊ लागतात व त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. संचाशेजारी रात्रभर उभ्या असणाऱ्या चालकास हा धोका सर्वाधिक असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा ठरविण्यात आली. सप्टेंबर २०१८ मध्ये गणेश विसर्जनात असे संच वापरू देण्याची व्यावसायिकांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही.