अर्जातला ‘मी’

यंदाच्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. ती तिथल्या शाळेत बारावीला आहे. “मामा, कॉलेजच्या अर्जासाठी स्वतःवर निबंध लिहायचाय. साडेसहाशे शब्दांच्या आत. आजोबांच्या गावाबद्दल तू मला थोडं लिहून देशील?”

मी पोस्टातला नोकरदार. शिक्षण बी.कॉम.पर्यंत, इतिहास शिकलो तो सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून. कुणी आपणहून माहिती मागितली की माझा हात आवरत नाही. चार पानं लिहून पाठवली. आठवड्याने तिचा निबंध आला. त्यात विहीर होती, पारावरचे कीर्तन होते, आजोबांच्या जाण्याचे दुःख होते. पहिल्या वाचनात मी खूश झालो, दुसऱ्या वाचनात ओशाळलो. ती विहीर माझी होती आणि दुःखही माझेच. आजोबा गेले तेव्हा ही पोर तीन वर्षांची होती.

पण मग प्रश्न पडला. आपल्याकडे बारावीचे टक्के किंवा सीईटीचे गुण पाहून प्रवेश होतो. ‘तू कोण आहेस’ असे कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांना हे विचारावेसे का वाटले? शोधू लागलो, आणि जे हाती आले ते फारसे उदात्त नव्हते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्ड, कोलंबियासारखी विद्यापीठे प्रवेश देत ती मुख्यतः परीक्षेवर. परीक्षेत उतरला तो आत. या वाटेने पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची हुशार मुले मोठ्या संख्येने आत येऊ लागली. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते, ते १९२२ मध्ये २१ टक्क्यांच्या पुढे गेले. जुन्या घराण्यांना हे रुचेना. कोलंबियाने १९१९ पासून अर्जाचा नवा नमुना आणला. त्यात धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचा व्यवसाय विचारला जाई आणि फोटोही मागितला जाई. हार्वर्डच्या १९२२ च्या अर्जात तर, जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का, असा प्रश्न होता. आडनाव बदलून आलेला ज्यू त्यातून नेमका सापडावा!

हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना उघड मर्यादा घालायची होती. प्राध्यापकांच्या समितीने ती १९२३ मध्ये नाकारली. तेव्हा आडवाट शोधली गेली. १९२६ मध्ये पहिल्या वर्षाची प्रवेशसंख्या सुमारे १००० वर बांधली आणि निवडीत ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन दिले. गुण मोजता येतात, म्हणून त्यांवर भांडताही येते. चारित्र्य कसे मोजणार? जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने ‘द चोझन’ या २००५ च्या जाडजूड ग्रंथात ही सारी कथा कागदपत्रांनिशी मांडली आहे. शिफारसपत्र, मुलाखत, स्वतःविषयीचे लेखन यांना प्रवेशात जे मोल आले, त्याची मुळे याच काळात आहेत.

पुढे हेतू बदलले, रीत राहिली. १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून एक सामाईक अर्ज सुरू केला. भाची भरते आहे तो हाच. मधल्या काळात जी व्यवस्था बाहेर ठेवण्यासाठी आली, तिचाच उपयोग कृष्णवर्णीयांसारख्या वंचित मुलांना आत घेण्यासाठीही झाला. त्याच वेळी हार्वर्डवरील खटल्यात उघड झाले, की आशियाई वंशाच्या अर्जदारांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण सरासरीने कमी पडत होते. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश मोजण्याला मनाई केली. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे मुलाने लिहिले तर ते विचारात घेता येईल, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी नमूद केले. म्हणजे साडेसहाशे शब्दांवरचा भार आणखी वाढला. त्यामुळे पैसे घेऊन निबंध ‘घडवून’ देणारे सल्लागारही आले. मी फुकटात तेच केले होते.

याच शोधात एक जुने पत्र पुन्हा वाचले. १८७८ मध्ये कोल्हापुरात पोस्टात कारकून असलेल्या (म्हणजे माझ्याच खात्यातल्या) गोपाळराव जोशींनी पत्नीला अमेरिकेत शिकवण्यासाठी वाइल्डर या मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले. उत्तरात ख्रिस्ती होण्याची सूचना आली. वाइल्डरने तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला, तो न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी वाचला आणि पुढचा इतिहास घडला. पण प्रवेशासाठीचे पत्र आनंदीबाईंनी स्वतः लिहिले, २८ जून १८८३ रोजी, रोझेलहूनच. गोपाळराव तेव्हा हिंदुस्थानात होते. वय १८, म्हणजे भाचीपेक्षा वर्षभराने मोठ्या. प्रवेशाच्या साऱ्या अटी मी पुऱ्या करीत नसेन, हे त्या सरळ कबूल करतात. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, तो निश्चय पुढेही उपयोगी पडेल, असे सांगतात. आणि परपुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी हे शिक्षण हवे, असे लिहितात. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना घेतले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

मी भाचीला फोन केला. “माझी चार पानं फाडून टाक. तुला स्वतःला काय आठवतं ते सांग.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने जे सांगितले ते मला घरात कुणी कळवले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी माझी आई सहा महिने तिच्याकडे राहायला गेली होती. एका दुपारी घरी दोघीच असताना आईला बरे वाटेना. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेले. आई म्हणत राहिली, “जीव घाबरा होतोय गं.” भाचीने डॉक्टरांना इंग्रजीत सांगितले, आजी घाबरली आहे. ते आजीला कशाची भीती वाटते हे विचारत राहिले, आणि ही त्याचे भाषांतर करत राहिली. माझी बहीण कामावरून धावत आली तेव्हा कुठे ईसीजी निघाला. आई त्यातून सुखरूप उठली. पण पोरीने ते मनात ठेवले होते.

“हेच लिही,” मी म्हटले. आणि राहवले नाही म्हणून जोडले, “आनंदीबाईंचा उल्लेख कर, शोभेल.”

“मामा, माझ्या निबंधात त्या कशाला?”

मुद्दा बिनतोड होता. अर्जाची मुदत १ नोव्हेंबर आहे आणि निबंध ६१२ शब्दांचा झाला आहे. परवा तिने फक्त एकच विचारले : ‘जीव घाबरा होणे’ला इंग्रजीत काय म्हणायचे? मी मोल्सवर्थ काढला, आणखी दोन कोश काढले. अर्थ बरेच मिळाले, पण त्या दुपारी आईला जे होत होते ते एकातही बसेना. तसे तिला कळवले. तिने ते शब्द मराठीतच ठेवले आहेत.