मोंगल राजकुळांतील सोयरीक

चंगीझखानाचें नांव निघालें कीं घोडदळ आणि जळणारीं शहरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. पण त्याच्या साम्राज्याचा पाया सुनेबरोबर सासूसाठीं आलेल्या एका झग्यावर रचला गेला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

मोंगलांत स्वकुळांत विवाह निषिद्ध असे. वधू परक्या कुळांतून आणावयाची. मागणी घालून, नाहीं तर पळवून. चंगीझची आई होएलुन हिला त्याच्या बापानें, येसुगेईनें, एका मेर्किट नवरदेवाकडून हिरावून आणलें होतें. मुलासाठीं मात्र त्यानें रीतसर मागणी घातली. चंगीझचें मूळ नांव तेमुजिन. नवव्या वर्षीं ओंगिरात कुळांतील बोर्तेशीं त्याचा वाङ्‌निश्चय झाला. परततांना तातारांनीं येसुगेईला विष घातलें आणि घर उघड्यावर पडलें. तरीहि वधूपित्यानें शब्द पाळला. बोर्ते सासरीं आली. सोबत सासूच्या मानाचा, सेबल नांवाच्या प्राण्याच्या काळ्या कातड्याचा झगा.

तेमुजिननें तो केराइतांचा राजा तोघ्रुल याला नजर केला. तोघ्रुल हा येसुगेईचा मानलेला भाऊ. त्यानें साह्याचें वचन दिलें. पुढें होएलुनचा सूड म्हणून मेर्किटांनीं बोर्तेलाच पळविलें, तेव्हां तें वचन कामीं आलें. हल्ल्याच्या रात्रीं चांदण्यांत बोर्तेनें पतीच्या घोड्याचा लगाम ओळखला, असें तेराव्या शतकांतील 'मोंगलांचा गुप्त इतिहास' सांगतो.

सुटकेनंतर थोड्याच काळांत जोची जन्मला. तो कोणाचा? चंगीझनें त्याला आपलाच मानलें. पण १२१९ च्या ख्वारझम स्वारीपूर्वीं वारसाचा प्रश्न निघतांच धाकट्या चघताईनें भर सभेंत त्याला मेर्किटांची अवलाद म्हटलें. भाऊ हातघाईवर आले. कोकोचोस नांवाच्या सरदारानें चघताईला आईनें सोसलेल्या हालांची आठवण दिली, हें त्या सभेंतलें एकच शहाणें बोलणें. गादी तिसऱ्या ओगताईला मिळाली.

तोघ्रुलशीं पुढें वैर आलें. १२०३ मध्यें केराइतांचें राज्य बुडालें. त्याची पुतणी सोरखाखतानी मात्र चंगीझच्या धाकट्या मुलाला, तोलुईला, दिली गेली, आणि तिचेच पुत्र मोंगके व कुबलाई सम्राट झाले.

राजकन्या वरणाऱ्या जांवयास मोंगल 'गुरेगन' म्हणत. तैमूर चंगीझच्या वंशांतला नव्हता. त्या वंशांतील कन्या वरून त्यानें ही पदवी अभिमानानें मिरविली. बाबराच्या दिल्लीपति वंशजांना फारसी तवारिखांत 'गुरकानी' म्हटलें आहे, तें याच शब्दावरून.