कुंपणाबाहेरचा प्रेक्षक

बेसबॉल हा आपला खेळ नव्हे. आम्हीही तो मैदानावर कधी पाहिलेला नाही. जे सांगणार आहोत ते वाचून मिळवलेले आहे. मग गेटसभांतून बोलण्यात ज्याची हयात गेली, त्याने या विषयाला हात का घालावा? उत्तर साधे आहे. आवडत्या संघाचा सामना पाहायचा तर माणसाजवळ दोन गोष्टी लागतात : खिशात पैसा आणि हाताशी वेळ. अमेरिकेतील कामकरी माणसाला या दोन्ही गोष्टी कशा मिळत गेल्या आणि पुन्हा कशा अडवल्या गेल्या, हाच बेसबॉल पाहण्याचा इतिहास होय.

आरंभी हा खेळ मोकळ्या जागी चाले आणि वाटसरूही उभा राहून पाही. १८६२ साली ब्रुकलिन येथे युनियन ग्राउंड्स हे कुंपणाचे मैदान उघडले आणि दाराशी दहा सेंट घेतले जाऊ लागले. १८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली. तिचे तिकीट पन्नास सेंटांचे, सामने दुपारचे आणि रविवारी खेळ बंद! म्हणजे सहा दिवस राबणाऱ्याला जो एक दिवस मोकळा, नेमके त्याच दिवशी दाराला कुलूप. १८८२ साली अमेरिकन असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना मैदानात उतरली. तिने तिकीट पंचवीस सेंटांवर आणले, जेथे कायद्याची आडकाठी नव्हती तेथे रविवारी सामने ठेवले आणि बिअर विकण्यासही मुभा दिली. प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. ती संघटना दहा हंगामांनंतर मावळली; पण रविवारचा प्रश्न काही मावळला नाही. न्यूयॉर्क राज्यात १९१९ साली कायदा बदलला. पेनसिल्व्हेनियात तर १९३३ साली मतदारांनी कौल दिला, तेव्हा कोठे रविवारचे दार उघडले.

वेळेचा प्रश्न असा सुटत होता, तोच पैशाची भिंत उंच झाली. आणि हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. फिलाडेल्फियातील शाइब पार्क या मैदानाच्या भिंतीपलीकडे विसाव्या रस्त्यावर घरांची रांग होती. लोक तेथील गच्च्यांवर बसून सामने पाहत आणि घरवाल्यांना चार पैसे सुटत. १९३५ साली, मंदीच्या दिवसांत, मालकांनी ती भिंत चौतीस फुटांपर्यंत चढवली. लोकांनी तिला नाव दिले ‘आकसाची भिंत’. मालकांची बाजूही सांगितली पाहिजे : दाराशी जमणारा पैसा हेच त्यांचे मुख्य उत्पन्न होते आणि मंदीत तेही आटले होते. तरी गच्चीवरचा माणूस भिंतीमुळे आत आला असेल काय? ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे नाहीत, त्याला भिंत पैसे देत नाही.

त्याच वर्षी २४ मे रोजी सिनसिनाटी येथे मोठ्या लीगचा पहिला सामना विजेच्या दिव्यांखाली झाला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबली आणि मैदान उजळले. दिवसपाळी करून सुटलेल्या माणसाला आता हा खेळ पाहता येणार होता.

नभोवाणीने तर कुंपणच ओलांडले. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गहून पहिल्या सामन्याचे वर्णन ऐकवले गेले. मालक धास्तावले. फुकट ऐकणारा तिकीट कशाला काढील? न्यूयॉर्क शहरातील तिन्ही संघांनी आपसांत करार करून १९३४ ते १९३८ असे पाच हंगाम प्रक्षेपण बंद ठेवले. १९३९ साली ब्रुकलिनच्या संघाने तो करार मोडला आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला त्याच्याच मैदानावरून मोठ्या लीगचा सामना प्रथम दूरचित्रवाणीवर दिसला.

आता आयोवा राज्यात चला. तेथे मोठ्या लीगचा एकही संघ नाही. १९३०च्या दशकात तेथील नभोवाणीवर एक तरुण निवेदक तारेने आलेल्या त्रोटक मजकुरावरून शिकागोच्या सामन्याचे रसभरित वर्णन करी, जणू तो मैदानातच बसला आहे! एकदा तार बंद पडली, तेव्हा फलंदाज फाउलमागून फाउल मारतो आहे असे सांगून आपण वेळ कशी निभावली, हे तो पुढे हसत सांगे. तो रोनाल्ड रेगन. १९८१ साली संपावरील विमानवाहतूक नियंत्रकांना कामावरून काढणारे राष्ट्राध्यक्ष ते हेच. आमच्या चळवळीला ते नाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. पण आयोवाच्या शेतकऱ्याला या तरुणाने घरबसल्या सामना दिला, हेही खरे.

पुढे २००२ साली सामने इंटरनेटवरून दिसू लागले. वर्गणी भरली की कोठूनही पाहा! पण स्थानिक दूरचित्रवाणीला प्रदेश आधीच विकलेले होते. आयोवावर शिकागोच्या दोन्ही संघांसह मिलवॉकी, मिनेसोटा, सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी अशा सहा संघांनी ‘आमचा प्रदेश’ म्हणून हक्क सांगितला. परिणाम असा, की पैसे भरूनही कित्येक वर्षे आयोवाच्या माणसाला या सहा संघांचे चालू सामने त्या सेवेवर दिसत नव्हते. आजोबांना तारेवरून जे ऐकायला मिळाले, ते नातवाला उपग्रहांच्या युगात पाहता येईना.

लहानपणी आम्ही पानपट्टीवरच्या रेडिओभोवती उभे राहून क्रिकेटचे वर्णन ऐकले. पानवाल्याने कधी कुणाला हटकले नाही, म्हणून आम्हाला या खेळाची गोडी लागली. यंत्र आपल्या बळावर दार उघडत नाही, मित्रहो. त्याची किल्ली कुणाच्या हाती आहे, हे प्रत्येक पिढीला नव्याने विचारावे लागते. आठ तासांचा दिवस आणि आठवड्याची सुटी मागताना कामगाराने केवळ विश्रांती मागितली नव्हती. चार माणसांत बसून सामना पाहण्याचा हक्कही त्यात होता.